तयार वाक्य

"हल्ली फ्रिज माझ्याशी बोलत नाही गं नीलू. रागावलाय वाटतं."

सकाळचा चहा चालला होता. बाबांनी हे म्हटलं आणि नीलिमाच्या हातातलं बिस्कीट अर्धं चहात गळून पडलं. खरं तर तिने हसायला हवं होतं. वाक्य झकास होतं. एरवी ती हसलीही असती, कप खाली ठेवून फोन उचलला असता आणि विसरायच्या आत ते शब्द त्यात बोलून ठेवले असते. गेली काही वर्षं तिचं पोट, तिचं नाव आणि सकाळी अंथरुणातून उठायची तिची इच्छा, सगळं बाबांच्या असल्याच वाक्यांवर चाललं होतं. पण आज कानाने दगा दिला. दगा तरी कसला म्हणायचा, कानाने आपलं काम केलं. बाबा बोलले नव्हते, बाबांनी वाचलं होतं. समोर कागद नव्हता, चष्मा कपाळावर चढवलेला होता, तरी ते वाचणंच होतं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

रेडिओतल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. बोलणारा माणूस श्वास वाटेल तिथे घेतो, अर्ध्यात अडतो, 'ते हे' करतो, 'अगं काय म्हणतात त्याला' म्हणत हवेत बोटं फिरवतो, मागचं पुसून पुढचं सांगतो. वाचणारा मात्र आधी छातीभर श्वास भरून घेतो आणि वाक्य संपेपर्यंत पुरवून पुरवून वापरतो. नीलिमाने सकाळचा कार्यक्रम केला तो पंधरा-सोळा वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष तर गिरिजाताई नावाच्या खमक्या प्रोड्यूसर बाईंच्या शिव्या खाण्यातच गेलं. काचेपलीकडून त्या हात वर करायच्या आणि हेडफोनमध्ये म्हणायच्या, वाचू नकोस बाई, बोल, लोक पोळ्या लाटतायत, त्यांना भाषण नकोय. मग तिला जमलं ते. इतकं जमलं की लिहून आणलेलं वाक्यसुद्धा ती अडखळत, मध्येच हसत, आत्ता सुचल्यासारखं म्हणायची. आणि दुसऱ्याचं वाचलेलं वाक्य तिला पहिल्या शब्दाच्या आधीच्या श्वासातच कळायचं. पुढाऱ्यांच्या मुलाखती, नट्यांचं गहिवरून येणं, जेवायच्या टेबलावर नवऱ्याने शांतपणे सांगितलेलं 'आपण दोघंही यात सुखी नाही', सगळं तिने असंच ओळखलं होतं. पण ती बाहेरची माणसं. नवराही शेवटी बाहेरचाच निघाला. बाबांनी मात्र स्वतःच्या पोरीशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता तयार वाक्य का म्हणावं?

ती कसनुसं हसली. बाबांनी कप विसळून पालथा घातला, टोपी चढवली आणि खाडीवर चक्कर मारून येतो म्हणून निघाले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा. नीलिमा तशीच बसून राहिली. ही लिफ्टमधली बाई, खरं सांगायचं तर, तिची अन्नदातीच म्हणायची.

कारण रेडिओ संपला तो एका फटक्यात. कार्यक्रम आटपून ती बाहेर आली तर सगळ्यांना मोठ्या केबिनमध्ये बोलावलेलं, आणि कुणीतरी एक टाय लावलेला माणूस सांगत होता की उद्यापासून सकाळचा कार्यक्रम उत्तरेकडच्या ऑफिसातून तयार होऊन येणार, इथल्या आवाजांची आता गरज उरलेली नाही. तोही वाचतच होता. पहाटे तिला न्यायला येणारी रेडिओ स्टेशनची गाडी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. त्यानंतरचे महिने नीलिमाने मीरा रोडजवळच्या इंद्रलोकमधल्या ह्या फ्लॅटच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या खुर्चीत काढले. रोज सकाळी चार-चार तास लाखो लोकांशी बोलणारी बाई घरात 'हं' आणि 'नको' यापलीकडे तोंड उघडेना. खाली भाजीवाला ओरडायचा, समोरच्या बिल्डिंगमधली गुजराती म्हातारी पापड वाळत घालायची, आणि ही बघत बसायची, म्हणजे बघायचीही नाही. घरात माणसं दोनच. आई, मनोरमा, त्याआधीच गेलेली. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, जन्मभर गिरगावातल्या छापखान्यात प्रुफं तपासलेले, दुसऱ्याच्या वाक्यातला कानामात्रा न सोडणारे, पण बोलायचं कसं हे आयुष्यभर बायकोवर सोपवून मोकळे झालेले. ते गुपचूप चहा आणून ठेवायचे, गार झालेला गुपचूप न्यायचे. एकदा त्यांनी विचारलं होतं, डोकं चेपून देऊ का. एवढंच.

शेवटी रुचिताने तिला ओढून बाहेर काढलं. रुचिता स्टेशनवरची तिची ज्युनियर, तिलाही त्याच दिवशी नारळ मिळालेला, पण पोरगी हातपाय हलवणारी. तिने अंधेरीला एका कॅफेत कॉमेडीचा माईक, कुणीही चढावं आणि हसवावं असा, सुरू केला होता. ताई, पाच मिनिटं उभी राहा, तुला बोलायला कुठे शिकवावं लागतंय, असं म्हणून तिने नीलिमाला स्टेजवर ढकललं. आणि नीलिमाची काय फजिती झाली म्हणता. स्टुडिओत समोर काच असते, काचेपलीकडे आपलं माणूस असतं, ऐकणारा कधी दिसत नाही. इथे पहिल्या रांगेतला एक जण फिंगर चिप्स खात तिच्याकडे असा बघत होता, जणू ती बिल घेऊन आलीय. घरी बसून घोकून नेलेले विनोद एकेक करून जमिनीवर पडले. तोंडचं पाणी पळालं तिच्या. रेडिओत शांतता म्हणजे पाप. ती भरायची म्हणून जे तोंडात आलं ते ती बोलून गेली. आमच्या सोसायटीत नवीन लिफ्ट लागलीय, तिच्यात एक बाई बोलते, कृपया दरवाजा बंद करें. आमचे बाबा रोज तिला सांगतात, हो हो, करतो. परवा मला म्हणाले, अगं ही तुझ्याबरोबर होती का कामाला, आवाज तुझ्यासारखाच आहे. मी म्हटलं नाही. तर म्हणाले, बरी चिकटली बाई, बसून बोलायचं, वर-खाली फिरायला मिळतं, आणि हिला अजून कुणी काढलेलं नाही.

कॅफे हसून कोसळलं. चिप्सवालासुद्धा हसला. ते हसू नीलिमाच्या अंगात भिनलं, आणि घरी येऊन तिने बाबांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं, हातवारे करून, आवाज काढून. बाबा हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसताना तिने सहज विचारलं, मग बाबा, आज काय झालं? आणि मग रोजच विचारू लागली.

आणि रोज काहीतरी होऊही लागलं. बाबांनी सिलेंडरवाल्याचा ओटीपी वॉचमनकडे सांभाळायला दिला. बँकेचा रेकॉर्ड केलेला फोन येणार म्हणून केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मीरा रोडच्या मॉलमध्ये साडी नेसवलेल्या पुतळ्याला धक्का लागला तर माफी मागितली, आणि ती काही बोलली नाही म्हणून घरी येईपर्यंत हिरमुसले. नीलिमा एकेक उचलत गेली. कॅफेतून हॉल, हॉलमधून कॉलेजं, मग व्हिडिओ. भाजीवाला तिला ओळखायला लागला. आता येत्या रविवारी ठाण्याला तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता, 'बाबा म्हणाले' नावाचा, तिकिटं संपलेली, आणि त्याचा शेवटचा मोठा तुकडा म्हणजे बाबाच बाबा. तिचं पुढचं सगळं त्या रविवारवर होतं. आणि आज फ्रिज.

तिला आठवायला नको ते आठवायला लागलं. आईची धाकटी बहीण, मावशी, शेवटी शेवटी स्वतःच्या मुलालाही ओळखेनाशी झाली होती. पण ते उघडकीला यायला फार दिवस गेले, कारण मावशीने तयार वाक्यांचा एक साठा करून ठेवला होता. काय मग, कसं काय, सगळे बरे ना, उन्हाळा फार आहे बाई यंदा. कोण समोर आहे ते न कळताही ती ठणठणीतपणे हे म्हणायची आणि सगळे फसायचे. नीलिमाला वाटायचं, मावशी किती छान बोलते. तेव्हा तिचा कान तयार झालेला नव्हता. आणि चार दिवसांपूर्वी तळमजल्यावरच्या गुणवंतभाईंनी लिफ्टची वाट बघताना हळूच सांगितलं होतं, बेन, बुरा मत मानना, अंकल खाडी पे अकेले बैठके बात करते हैं, वही वही बात, बार बार. तिने तेव्हा हसून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. माणसाचं आतलं निसटायला लागतं तेव्हा तो बाहेरचं असं घोकून पक्कं करतो. बाबा घोकत होते. मुलीला कळू नये म्हणून घोकत होते. आणि मुलगी काय करत होती? तर एका म्हाताऱ्या माणसाचं दुखणं गावोगाव नेऊन त्यावर टाळ्या घेत होती. पुतळ्याची माफी मागणारा माणूस. वॉचमनला ओटीपी देणारा माणूस. प्रत्येक गोष्ट तिला उलटून दुसऱ्या बाजूने दिसू लागली, आणि त्या बाजूला हसण्यासारखं काही नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली. तिने रुचिताला मेसेज टाकला, रविवारचं रद्द करावं लागेल बहुतेक, बाबांचं काहीतरी झालंय, नंतर बोलते. मग पायात चपला सरकवून ती निघाली. लिफ्टमध्ये ती बाई म्हणाली, कृपया दरवाजा बंद करें, आणि नीलिमाने आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून सांगितलं, गप्प बस.

शेअर रिक्षात ती मागे दोन अनोळखी बायकांच्या मध्ये चेपून बसली. एकीच्या मांडीवर मेथीची जुडी होती, तिचा ओला वास येत होता. बाहेर दुकानांची शटरं वर जात होती, फरसाणवाल्याच्या कढईखाली जाळ लागला होता, जैनांच्या देरासरातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं अनवाणी बाहेर पडत होती, आणि नीलिमाला सगळं काचेतून बघितल्यासारखं लांब वाटत होतं, आवाज बंद केलेला. लहानपणी गिरगावात एकदा ती गणपतीच्या गर्दीत हरवली होती. बाबा सापडले तेव्हा ते तिचं नाव घेऊन हाका मारत नव्हते. नुसते उभे होते, ज्या खांबापाशी हात सुटला त्याच खांबापाशी, घामाने निथळत. म्हणाले, मी हललो असतो तर तू आल्यावर मला कुठे शोधलं असतंस. हे तिने कधी कुठल्या स्टेजवर सांगितलं नव्हतं. यात हसू नव्हतं म्हणून तिला त्याचा उपयोग नव्हता. इतक्या वर्षांत बापाच्या किती गोष्टी आपण उपयोग नाही म्हणून टाकून दिल्या असतील, असं तिच्या मनात आलं.

खाडीवर भरती होती. फिरायला येणारे बहुतेक परतले होते, ऊन चढायला लागलं होतं. बाबा कठड्याजवळच्या शेवटच्या बाकावर पाठमोरे बसले होते, टोपी मांडीवर. नीलिमा झाडामागून, चोरासारखी, जवळ गेली. ते बोलत होते. गुणवंतभाईंनी सांगितलं तसंच, तेच ते, पुन्हा पुन्हा. मग तिच्या कानाने शब्द पकडले.

"ती मॅपवाली बाई म्हणाली, डावीकडे वळा. मी म्हटलं, बाई, डावीकडे खाडी आहे." जरा थांबले. पाण्याकडे बघितलं. "ती म्हणाली, डावीकडे वळा. मी म्हटलं, आधी तुम्ही वळा. नाही, नाही. मी म्हटलं, बाई, तुम्ही व्हा पुढे." पुन्हा थांबले. ओठ नुसतेच हलले. "म्हणाली, डावीकडे वळा. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, बाई, मी आलोच."

नीलिमा झाडाच्या खोडाला धरून उभी होती. तिला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा एकदम कळलं. विसरणारा माणूस तेच ते म्हणतो. बाबा तेच ते म्हणत नव्हते, बाबा दर वेळी बदलत होते. शब्द पुढचा मागे नेत होते, एक काढत होते, एक घालत होते, कुठला शेवटी बसतो ते जिभेवर घेऊन बघत होते. कॅफेच्या जिन्यात उभं राहून ती स्वतः हेच करायची. हे घोकणं नव्हतं, हे प्रूफ तपासणं होतं. ती शेवटची 'बाई' काढा बाबा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं, आणि तेवढ्यात बाबाच म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," आणि खूश होऊन त्यांनी टोपी गुडघ्यावर आपटली.

नीलिमाचा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरात की तिला हसूच फुटलं, आणि हसता हसता रडूही. बाबांनी दचकून मागे बघितलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोराचा चेहरा झाला त्यांचा. ती येऊन शेजारी बसली. पलीकडे मिठागरांवर ऊन चमकत होतं आणि एक होडी इंजीन बंद करून नुसती तरंगत होती.

"कधीपासून चाललंय हे?" तिने विचारलं.

लिफ्टची खरी होती, बाबा म्हणाले, अगदी तुझ्या आईची शपथ. ओटीपीची अर्धी खरी, दिला होता तो सिलेंडरवाल्याला सांगायला, पण वॉचमनकडे नव्हे, शेजारी. पुतळ्याला धक्का लागलेलाच नव्हता. मॉलमध्ये ते सबंध दुपार बसून होते काही घडतंय का बघत, काहीच घडेना, तेव्हा बसल्या बसल्या पुतळा दिसला. सांगताना त्यांना लाज वाटत होती आणि मधूनच थोडा अभिमानही. वाक्य बोलून झालं, की म्हणे, मी कपाच्या आडून हळूच तुझ्याकडे बघायचो. फोन उचललास की पास. नीलिमाला ते आठवलं. खरंच, दर वेळी ते बघायचे, भुवई जराशी वर करून, एक क्षणभर. ती समजायची, बाबांना कळत नाहीये मी का हसतेय.

"पण का, बाबा?"

"तू रोज विचारायचीस, आज काय झालं?" बाबा म्हणाले. "माझ्या आयुष्यात रोज काय होणार गं? दूध येतं, पेपर येतो. काही झालं नाही म्हटलं की तुझा चेहरा उतरायचा. मला तो गॅलरीतला चेहरा परत बघायचा नव्हता. तुझी आई असती तर दोघांत वाटून घेतलं असतं. एकट्यावर फार पडतं."

नीलिमाने कपाळावर हात मारला आणि मग तोच हात बाबांच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं आपण बापाला वापरतोय, आणि तो बिचारा भोळा, त्याला पत्ता नाही. आणि हे गृहस्थ रोज सकाळी तीन-तीन किलोमीटर येऊन तिच्यासाठी मूर्ख व्हायचा सराव करत होते. तिला त्यांची भारी माया आली. मग ती म्हणाली, रविवारी मी लोकांना सांगणार, हे सगळं लिहिलंय कुणी ते. पोस्टरवर नाव घालणार तुमचं. बाबा म्हणाले, भलतंच काही करू नकोस, लोकांना कळलं मी शहाणा आहे तर हसेल कोण. याच्यावर दोघंही हसली. हे वाक्य तयार नव्हतं, तिने श्वास ऐकला होता. परतताना त्यांनी रेल्वे स्टेशनबाहेर उभं राहून इडली खाल्ली, बाबांनी चटणी दोनदा मागून घेतली, आणि रिक्षात फ्रिजच्या वाक्यावर रीतसर चर्चा झाली. नीलिमाचं म्हणणं, 'वाटतं' काढा, नुसतं 'रागावलाय' पुरे. बाबांचं म्हणणं, 'वाटतं'मध्ये माणसाचा स्वभाव आहे. तिने रुचिताला मेसेज केला, काही रद्द नाही, सगळं ठीक आहे, भेटलीस की सांगते, एकदम भन्नाट आहे. पलीकडून नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. तिला वाटलं, कितीतरी दिवसांनी आपण नुसत्याच सुखी आहोत. लिफ्टमध्ये त्या बाईने दरवाज्याचं सांगितलं तेव्हा दोघं एकदम म्हणाली, हो हो, करतो.

घरी येऊन बाबांनी टोपी खुंटीला लावली, पाय धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नीलिमा ओट्याशी कोथिंबीर निवडत होती आणि मनातल्या मनात रविवारचा शेवट नव्याने मांडत होती. खाडी, बाक, टोपी. हे सांगताना हसवायचं कुठे आणि थांबायचं कुठे, हे तिला आता लख्ख दिसत होतं. एवढ्यात बाबा लगबगीने आत आले. त्यांच्या हातात तिची झोळी होती, दाराच्या हुकावरून काढून आणलेली.

"अगं नीलू, तू अजून... ते हे... कपडे नाही बदललेस? खाली गाडी आली असेल ना. तुझं ते लागेल आता, आणि ती तुझी काचेच्या पलीकडची, काय तिचं नाव, ओरडेल परत."

नीलिमा खळखळून हसली. वा बाबा, म्हणाली, एवढ्यात दुसरं? हे तर फ्रिजपेक्षा भारी. फक्त ती काचेपलीकडची बाई आधी घ्या आणि गाडी शेवटी आणा, म्हणजे टाळी तिथे पडेल. आणि कोथिंबिरीची काडी हातात तशीच धरून ती वाट बघत राहिली, बाबा भुवई वर करून हळूच बघतील म्हणून.

बाबांनी बघितलं नाही. ते झोळीची चेन लावत होते. चेन मध्येच अडकली होती, ते ती मागे-पुढे करत होते.

"हसतेस काय?" ते म्हणाले. "लोक... लोक रेडिओ लावून बसलेत तिकडे."

श्वास मधेच तुटला होता. 'लोक' दोनदा आलं होतं. वाक्यात कुठेही काहीही तयार केलेलं नव्हतं. नीलिमाच्या कानाने हे मघाशीच ऐकलं होतं, पहिल्याच शब्दाला; तिनेच त्याला बाजूला सारून हसून घेतलं होतं. आता हसू तोंडावर तसंच राहिलं आणि खालून सगळा चेहरा गार पडत गेला. खरी चूक पुढ्यात आली तेव्हा ती तिला ओळखता आली नाही. आणि लिफ्टची खरी होती म्हणाले, ओटीपीची अर्धी खरी म्हणाले, त्या अर्ध्यातलं खरं कोणतं आणि केलेलं कोणतं, हे आता बाबांना तरी ठाऊक होतं का? की त्यांनी एवढी सगळी सोंगं रचली ती मधली एखादी आपोआप घडलेली चूक त्यांत कुणाला दिसू नये म्हणून? तिला काही कळेना. तिला फक्त भीती वाटत होती, लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर वाटली होती तशी निखळ भीती, आणि या वेळी खांबापाशी उभं राहायची पाळी तिची होती.

तिने हात पुसले. पुढे होऊन झोळी त्यांच्या हातातून अलगद घेतली, अडकलेली चेन सोडवली आणि लावली.

"आज सुट्टी आहे, बाबा," ती म्हणाली.

"कळवलंयस ना तिकडे?"

"हो. कळवलंय."

बाबांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. ते खुर्चीत टेकले. मग त्यांना काहीतरी लक्षात आलं आणि ते पुन्हा काळजीत पडले.

"मग आज बोलणार कोण?"

नीलिमा त्यांच्यासमोर, खाली फरशीवर बसली. ओट्यावरचा तिचा फोन वाजत होता, रुचिताचा असणार. तो वाजून वाजून थांबला.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी ऐकते."

"मी? मी काय बोलू?"

"काहीही बोला, बाबा. आज काही झालं नसलं तरी चालेल."

बाबांनी मान हलवली. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते आठवू लागले.